लांबोडीची थरथर

आमचा चैतराममामा रागावलेला नाही अशी वेळ मी अजून पाहिलेली नाही. सकाळी उठल्यावर तो आधी लोट्यावर रागावतो, कारण लोटा ठेवला तिथे नसतो. मग विहिरीच्या दोरावर. मग कोंबड्यावर, की हा आता कायले ओरडून राहिला, मी तं उठलो ना बे! मामी म्हणते, त्याच्या रागाच्या आवाजावरून घरातली खबर कळते. "का बे" असे बारीक, नाकातून निघाले तर मामा खुशीत आहे. "का बे!" असे छातीतून निघाले तर त्याला भूक लागली आहे. आणि आधी नुसता एक "हूं" निघाला, मग जरा वेळ काहीच नाही, आणि मग "अबे एऽऽ" असा लांब सूर लागला, तर समोरच्याने वाहणा हातात घेऊन निघावे. हे तिन्ही आवाज मला हुबेहूब काढता येतात. तिसरा मी मामा गोंदियाला गेला असतानाच काढते.

मामा गोरेगावच्या छोटेलाल सेठची मोटर चालवतो. मोटर सेठची असली तरी ती बनवली मामाने. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली त्या वर्षी एका मालगुजाराची जुनी उघडी मोटर त्याच्या गुरांच्या कोठ्यात कोंबड्यांच्या ताब्यात गेली होती. सेठने ती कोंबड्यांपासून सोडवून आणली आणि मामाला म्हणाला, "चैतराम, इसमें चार आदमी बैठते हैं. मेरे को तो पूरा बाजार बिठाना है." सेठच्या गालात कायम पान असते, त्यामुळे त्याचे 'बाजार' हे 'भाजाऽ' असे ऐकू येते. मामा बर्माच्या लढाईत फौजेच्या लॉऱ्या चालवून आलेला. तो म्हणाला, "बसवतो." आणि त्याने मोटर मधोमध कापली.

खरेच कापली, भोपळा कापतात तशी. दोन तुकडे दूर सारले, मध्ये लोखंडी पट्ट्या घातल्या, वर सागाच्या फळ्यांची बाके, त्यावर ताडपत्री. गावाने तिचे नाव ठेवले लांबोडी. वळणावर तिचे तोंड गोंदियाकडे आणि बूड अजून गोरेगावात असते, असे लोक म्हणायचे. मामा त्यावरही रागवायचा, पण बारीक आवाजात.

मोटर लांबली तर तिच्या पोटाखालचा दांडाही लांबवणे आले. इंजिनाची फिरकी मागच्या चाकांपर्यंत नेणारी ही लोखंडी नळी. मोटरवाले तिला शाफ्ट म्हणतात. तिच्या दोन्ही टोकांना क्रॉस नावाचे सांधे असतात, म्हणजे रस्त्यावर चाके वरखाली झाली तरी नळी वाकल्यासारखी फिरत राहते. नळी अखंडही नसते. तिचे एक टोक दुसऱ्या भागात सरकते, आत दाते असतात, दात्यात दाते बसतात. हा शाफ्ट कापून, मध्ये नवी नळी घालून लांब करायचे काम मामाने केवळरामला दिले.

केवळराम गोरेगावच्या बाजाराच्या कडेला बसतो. बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धाव चढवतो, नांगराचे फाळ ठोकून देतो, आणि कार्बाइडच्या डब्यावर गॅस पेटवून लोखंडाला लोखंड जोडतो. दोघे लहानपणी धानाच्या एकाच बांधीत म्हशी चारायचे. केवळरामची नक्कल करणे सगळ्यात कठीण, कारण तो बोलतच नाही. काही विचारले की तो आधी हात पुसतो, मग हातोडी खाली ठेवतो, मग आपल्याकडे बघतो, आणि एवढे करून म्हणतो, "होय."

त्या दिवशी जोड झाला. शाफ्ट मोटरीखाली बसला. केवळरामने छिन्नी घेतली, पुन्हा खाली वाकला, दोन ठिकाणी टक् टक् केले आणि तिकडे बोट दाखवून म्हणाला, "चैतराम, इकडे पाय जरा—"

"पायतो गा पायतो! तू पयले बाजूले हो! बर्मात इंग्रजाच्या लॉऱ्या खोलल्या मी. तू मले शाफ्ट शिकवून राहिला?"

केवळरामने हात पुसले. छिन्नी ठेवली. "बरा," म्हणाला.

त्यानंतर लांबोडी पाण्यासारखी चालली. नंदाबाई कासारीण बांगड्यांची टोपली मांडीवर घेऊन गोंदियाहून गोरेगावच्या बाजाराला यायची, आणि उतरताना दर वेळी मामाला सांगायची, "चैतराम, तुया गाडीत मले झोप लागते गा. बांगडी बी झोपते."

मग दसरा आला.

दसऱ्याला आमच्याकडे ज्याचे त्याचे हत्यार धुऊन पुजायचे. शेतकऱ्याचा विळा, सुताराचा वाकस, मास्तरची छडीसुद्धा. इतर डायवर मोटरीला हार घालतात, नारळ फोडतात आणि मोकळे होतात. मामाला ते पटत नाही. "देव का फक्त बोनटावर बसते? पोटात नाही बसत?" असे म्हणून तो निघण्यासारखे सगळे काढतो. तर त्या सकाळी अंगणात पाटावर लांबोडीचा शाफ्ट निजला होता, दोन भाग वेगळे करून, घासलेटने धुऊन. बाजूला नट आवळायचे पाने, जॅक, हातोडी, सगळ्यांची ओळ. मामीने शेंदूर आणि तेल कालवले. मामी, म्हणजे सुशीलाबाई, हाताने सढळ आहे. ती भाजीत मीठ घालते तेव्हा सगळे तिच्याकडे बघतात. तिने शाफ्टला टिळा लावला नाही, तिने शाफ्ट लिंपला. आतले दाते तेवढे सोडून सांधे, नळी, टोके, सगळे शेंदरी. "देवाले कमी नाही पडाव," म्हणाली. मामाने हात जोडले. त्या वेळी तो शांत दिसत होता, देवळातल्या मारुतीसारखा लाल आणि शांत.

तेवढ्यात सेठचा निरोप आला, की सगळ्या कुटुंबाला सोने वाटायला न्यायचे आहे, गाडी आत्ता पाहिजे. झाले! "हूं." मग थोडा वेळ काहीच नाही. "अबे एऽऽ! देवाची पूजा करून राहिलो का तुया लग्नाची!" निरोप्या वाहणा हातात घेऊन गेला. मामा तसाच रागात मोटरीखाली शिरला, दात्यात दाते सारले, पेच आवळले आणि गेला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी लांबोडी थरथरली.

सुरुवातीला हळू असते तोवर काही नाही. गाव सोडून धानाच्या बांध्यांमधला सरळ रस्ता लागला, मामाने पाय दाबला, की खालून आवाज यायचा. घूं-घूं-घूं-घूं. बाक थरथरायचे, बाकावरची माणसे थरथरायची, बोलणारा माणूस "मीऽऽऽ काऽऽय म्हऽऽणतो" असे बोलायचा. नंदाबाईच्या टोपलीतून खळ्ळ, खळ्ळ. गोरेगावला उतरून तिने फडके वर केले, आणि मग जे तोंड उघडले, ते मी बाजारभर ऐकले.

"पाय गा! हिरव्या फुटल्या, लाल फुटल्या! अर्धी टोपली काचेचा चुरा! मी बांगड्या इकू का हा चुरा इकू? बायांले तुया गाडीत बसवतं, तं सगळ्याच नाचत येतीन!"

नंदाबाईपुढे मामाचा आवाज लागत नाही. त्याने मोटरीच्या चाकाला लाथ मारली.

छोटेलाल सेठ स्वतः बसून गोंदियाला जाऊन आला. उतरला तेव्हा त्याचे पान गळ्यावर सांडले होते. "चैतराम," तो म्हणाला, "हमने मोटर बनवाई थी. ये तो मेले का झूला निकला."

"रस्ता खराब आहे सेठजी."

"रस्ता वही है जो दसरे के पहले था. सुन. मंडई आ रही है. मंडई में अपनी गाडी भरी जाती है कि नहीं? गोरेगांव की मंडई तक टाइम देता हूं. ठीक हुई तो ठीक. नहीं तो रायपूर से एक डायवर आने को तैयार बैठा है. स्टेरिंग उसका."

दिवाळी संपली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. दंडारीची नाटके, दुकाने, पाहुणे, सोयरिकी, सगळे त्याच दिवसांत. वर्षभर रिकामी बाके घेऊन धावलेली लांबोडी त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नाही इतकी भरते, आणि मामा त्या गर्दीला शिव्या देत स्टेरिंगवर असा बसतो की नवरदेव काय बसेल. ती जागा रायपूरच्या माणसाची! मामा घरी आला, जेवायला बसला आणि पिठल्यावर ओरडला.

दुसऱ्या दिवसापासून त्याने गुन्हेगार शोधायला सुरुवात केली. पहिला संशय टायरवर. मागचे पुढे, पुढचे मागे. थरथर तशीच. मग बसणाऱ्यांवर. "हे पोट्टे मांग बसून उड्या मारतेत," म्हणून त्याने मोटर रिकामी पळवली. रिकामी तर अजूनच थरथरली. मग इंजिन. सरळ रस्त्यावर वेग घेऊन त्याने गियर सोडला, इंजिन हळू केले, मोटर नुसती वाहू दिली. इंजिन पुटपुटत होते, पण खालचे घूं-घूं चालूच.

"म्हंजे इंजिन नाही," मामा दात खाऊन म्हणाला. "इंजिनाचा हात सुटला, तरी हालून राहिली. म्हंजे इंजिनाच्या मांगं. म्हंजे शाफ्ट." आणि मग नाकातून ते आले. "हूं."

शाफ्टला जोड कोणाचा? केवळरामचा.

बाजार भरला होता. लाखोरीची डाळ, मिरची, मातीची भांडी, आणि कडेला केवळराम एका गाडीवानाच्या चाकाला धाव चढवत होता. लोखंडी धाव लालभडक, चार माणसे चिमट्याने धरून उभी. लांबोडी थेट त्याच्या मांडवापुढे येऊन थांबली आणि मामा पायरीवर उभा राहिला.

"अबे एऽऽ केवळ्या! तुले लोखंड देल्ला होता जोडाले! तू जोडला का थापला बे? शेन थापतेत तसा थापला! पाहा गा लोक हो, हा तुमचा लोहार! माया गाडीचे हाडं हालून राहिले याच्या जोडापायी! उद्या तुमच्या गाडीची धाव रस्त्यात निंघून घरंगळन, तवा मले आठवजा!"

बाजार थांबला. गाडीवानाने आपल्या चाकाकडे पाहिले. नुसते पाहिले, पण ते केवळरामने पाहिले.

त्याने धाव बसवली. पाणी ओतले, चर्र झाले. हात पुसले. हातोडी ठेवली. मग मामाकडे बघून तो बोलला, आणि तो इतका बोललेला कोणी कधी ऐकला नव्हता.

"माया जोड वाकडा असन तं मी भाता इकून टाकतो. अन् नसन, तं तू काय इकतं ते तू पाय. मले घरी येऊन समजवाले येऊ नोको, मी दार लावून घेईन. तू बाजारात बोलला. आता जे होईन ते बाजारातच."

आणि दुसऱ्या चाकाकडे वळला. पण दुसऱ्या चाकाचा मालक म्हणाला, "राहू दे केवळभाऊ, पुढच्या बाजाराले पायतो." आणि चाक घरंगळत घेऊन गेला.

मामाचे बोलणे आमच्या गावात जागेवर राहत नाही, उडते. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पोरांनी ते तोंडात घेतले होते. कुणी टोपली टेकवली तर "टेकवली का थापली?" कुणी पाटीवर बेरीज केली तर "जोडला का थापला?" केवळरामची पोरगी पाणी न्यायला आली, तर विहिरीवर बायकांनी हसून तेच. मला राग आला. नक्कल मलाही करता येते, पण एवढी वाईट नक्कल मी कधीच केली नाही. मामाचा आवाज छातीतून येतो, हे सगळे घशातून काढत होते. आणि ती पोरगी काय टोमणे ऐकायला आली होती विहिरीवर? मामी तर घरी आल्यावर भांडी आपटायला लागली.

"अजी, जुन्या सोबत्याले कोनी असा बोलते का? दसऱ्याच्या आंधी हालत नोती. मंग जोड दसऱ्यालेच वाकडा झाला?"

"मंग तुया शेंदरानं हालून राहिली का? तू चूप राय!"

"मी कायले चूप राहू? तुमच्या आवाजानं माया कान गेला. आता बोललेला बी मलेच आयकू येत नाही, म्हून बोलतो!"

मामाने सिद्ध करायचे ठरवले. मागची चाके दगडांवर उचलून हवेत ठेवली, पुढच्यांना ओंडके लावले. मामा खडू घेऊन खाली शिरला. इंजिन सुरू ठेवून पाय दाबायला माणूस पाहिजे. निरोप घेऊन आलेला सेठचा नोकर दसऱ्यापासून आमच्या गल्लीत येत नव्हता. म्हणून मामी लुगडे खोचून स्टेरिंगवर बसली.

"दाब!" खालून.

"दाबला!"

"अवो ते बिरीक आहे! बाजूचा दाब!"

"बाजूचा बी दाबला! तुमचे यंत्र काऊन इतके सारखे असतेत?"

मोटर जागच्या जागी भुंकायला लागली. कोंबड्या छपरावर गेल्या. खाली मामाने हात दगडावर टेकवून खडूचे टोक फिरणाऱ्या नळीजवळ नेले, अगदी अगदी जवळ. युक्ती साधी आहे. नळी वाकडी असेल तर तिचा फुगलेला भाग दर फेऱ्यात खडूला चाटून जातो, पांढरी रेघ फक्त एका बाजूला उमटते. सरळ असेल तर रेघ पूर्ण गोल फिरते. मामाला अर्धी रेघ पाहिजे होती. ती रेघ हातात घेऊन तो बाजारात जाणार होता.

इंजिन बंद झाले. मामा खालून निघाला, तोंड घासलेटचे आणि धुळीचे. शेंदरी नळीवर पांढरी रेघ होती, बांगडीसारखी. पूर्ण गोल. केवळरामच्या जोडाच्या दोन्ही बाजूंना तशीच.

"खडू ओला आहे," मामा म्हणाला, आणि खडू भिंतीवर फेकला. भिंतीवरून उडून तो मामीच्या पायाशी आला. मामीने तो उचलला, जमिनीवर रेघ ओढली आणि मामाला दाखवली.  

पण मामा एकदा रागावर बसला की उतरत नाही. "आतून वाकला असन," म्हणाला. "आतून! बाहेरून दिसत नाही. गोंदियाले नेतो. याचा जोड कापून फेकतो अन् नवा बसवतो. तवा पायजा." आणि पुन्हा खाली शिरून त्याने शाफ्ट काढला, दोन भाग वेगळे केले, गोणपाटात गुंडाळायला लागला.

मामी दारात आडवी उभी राहिली. "असा नाही न्यावाचा."

"आता का झाला?"

"त्याच्यावर देवाचा शेंदूर आहे. शेंदरासकट कापाले नेतेत का? देवाच्या अंगावर आरी चालवता? पयले पुसा. पुसून, हात जोडून, मंग कापा, जारा, कायी बी करा."

मामाने आभाळाकडे पाहिले, बर्माकडे पाहिले. "हूं." पण शेंदराच्या बाबतीत मामीपुढे तो बोलत नाही. अंगणात बसला, घासलेटचा डबा घेतला, चिंधी घेतली, आणि घासायला लागला. काय घासणे होते ते! प्रत्येक घासण्याला एक नाव. "सेठ! रायपूर! नंदाबाई! केवळ्या!" शेंदूर तेलात बसून घट्ट झाला होता, चिकट थर. त्याने चाकूने खरवडला. दात्यांच्या मागच्या नळीवरचा थर सालपटासारखा निघाला.

आणि मामाचा आवाज बंद झाला.

मी आधी चुलीपाशी होते. आवाज बंद झाल्यामुळेच बाहेर आले. मामाच्या एका हातात शाफ्टचा एक भाग होता, दुसऱ्या हातात दुसरा. एका भागावर छिन्नीने मारलेली बारीक खूण होती. दुसऱ्यावर तशीच. मामाने दोन्ही भाग एकमेकांत घातले, दसऱ्याला घातले होते तसे, कारण दात्यांवर घासल्याच्या नव्या रेघा होत्या आणि त्या जुळत होत्या. खुणा समोरासमोर आल्या नाहीत. एक इकडे, एक जरा तिकडे. फक्त एका दात्याएवढी चूक.

टक् टक्. चैतराम, इकडे पाय जरा.

हे नंतर त्यानेच मामीला समजावले, जात्यावर. शाफ्ट तिरका फिरला की क्रॉसचा सांधा सारख्या चालीने फिरत नाही, जरा पुढे ओढतो, जरा मागे राहतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस नेमके उलट करतो, आणि दोघांचे मिळून सपाट होते. पण दोघे एका रेषेत पाहिजेत. एका जात्याला दोन बाया बसल्या आणि एकीने ओढायच्या वेळी दुसरीने जरा उशिरा ओढले, तर जाते हिसके खाते ना? तसे. शाफ्ट सरळ होता. जोड सरळ होता. फक्त दाते एका घराने चुकीचे बसले होते, आणि ते बसवणारा हात मामाचा होता. खुणा होत्या, आणि त्या पूजेत झाकल्या गेल्या.

त्याने खूण खुणेसमोर आणली, बसवले, पेच आवळले. सरळ रस्त्यावर मोटर नेली. पाय दाबला. आम्ही दोघी मागच्या बाकावर. धानाची पिकलेली शेते मागे पळत होती आणि खालून काहीच येत नव्हते. घूं नाही की घां नाही. मामी हसली. "झाला तुमचा काम! स्टेरिंग वाचला."

मामा हसला नाही, रागावला नाही. गाडी वळवून घरी आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी कोंबडा ओरडला आणि मामा त्याला काही बोलला नाही. मामी घाबरली. तिने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

सेठ आला, बसून एक चक्कर मारून आला, खूश झाला. "क्या था चैतराम?"

"थोडा ढिला होता," मामा जमिनीकडे बघून म्हणाला.

"वो केवलराम का जोड ही था ना? मैंने पहले ही कहा था." सेठने काहीच आधी म्हटले नव्हते. पण मामा गप्प राहिला, आणि सेठ गेला. मामीने मागून एवढेच म्हटले, "मी कोनाले नाही सांगत. तुमचा तोंड तुमच्याजवड आहे." मग जरा वेळाने, भाकरी थापता थापता: "केवळभाऊचा भाता थंडा आहे म्हनतेत."

काय पणाला होते ते मामाला नीट ठाऊक होते. गप्प बसला, तर मंडईत स्टेरिंगवर तोच. बोलला, तर सेठ म्हणणार, गाडी तूच बिघडवली. आणि रायपूरवाला तयार बसलेला.

मंडईच्या आधीचा बाजार. नंदाबाई नव्या बांगड्या घेऊन आली होती आणि टोपलीवर हात ठेवून बसली होती, विश्वास नाही म्हणून. एकही वाजली नाही. "आता कशी झोपली!" म्हणाली. मामाने लांबोडी केवळरामच्या मांडवापुढे थांबवली, त्याच जागी. मांडवात एकही चाक नव्हते. केवळराम बसून होता, हात पुसलेले, काम नसलेले. पानवाल्याच्या दुकानापुढे छोटेलाल सेठ उभा होता. मामाने त्याला पाहिले. मग पायरीवर चढला.

"अबे एऽऽ केवळ्या!"

सगळा बाजार वळला. पोरे तर धावत आली, नवा माल मिळणार म्हणून.

"अबे गाढवा! तुया जोड सरळ आहे! तुले मालूम होता ना सरळ आहे? मंग सांगला काऊन नाही? दात्यावर खुना केल्या, त्या मले धरून दाखवाले नोको? मी नाही पायला तं माया कान पकडाचा ना! शेंदूर माया घरचा! दाते मी चुकवले! गाडी म्या हालवली! अन् शिव्या तू खाल्ल्या, मुंडी खाली घालून, बैलावानी! तुया तोंडात जीभ नाही का बे!"

ही माफी होती. गावात पहिल्यांदाच कोणी अशी मागितली असेल. काही लोकांना समजायला वेळ लागला.

केवळराम उठला. हात पुसले, जरी स्वच्छच होते. "आयकू नाही आला," म्हणाला.

"का?"

"तवा तू बोलला होता, ते लाखोरीवालीच्या पलीकडं आयकू गेला होता. आता मिरचीपर्यंतच आला."

मामाच्या कपाळाची शीर फुगली. मला वाटले आता पायरीवरून उडी मारतो. त्याने छाती भरून घेतली आणि इतक्या जोरात ओरडला की गाडी ओढणारे बैल उभे राहिले: "केवळरामचा जोड सरळ आहेऽऽ! चूक चैतरामची आहेऽऽ!"

लाखोरीवालीने हात वर करून ऐकल्याचे सांगितले.

छोटेलाल सेठ मधे आला. पान गालात एका बाजूला गेले. "मतलब गलती तेरी थी? और मेरे को बोला ढिला है?"

"होय. माझी होती."

"तो चाबी दे."

मामाने चावी काढली.  त्याने चावी सेठच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "रायपूरवाल्याले सांगजा, घाट नाही आहे म्हनून तेज नाही चालवाव. बांध्यावर बैल येते."

तेव्हा केवळराम बोलला. सेठकडे नाही, भात्याकडे बघत. "सेठजी, रायपूरवाला आनता तं आना. पन त्या शाफ्टाले काही झाला तं मायाकडे नोका आनू. मी फक्त याची गाडी जोडतो."

"अरे! इसने तुझे बाजार में गाली दी और तू—"

"देल्ली. बाजारात देल्ली अन् बाजारात वापस घेतली. रायपूरवाला कुठं देईन, कुठं घेईन, मले का मालूम?"

सेठने इकडे पाहिले, तिकडे पाहिले. गोरेगावात लोखंड जोडणारा दुसरा नाही. नंदाबाई टोपली उचलून म्हणाली, "मी तं बापा रायपूरवाल्याच्या गाडीत नाही बसत. मले त्याच्या शिव्या नाही समजनार." लोक हसले. सेठ हसला नाही, पण चावी त्याने मामाच्या छातीवर फेकली. "अगले दसरे को सिर्फ हार डालना. खोलना नहीं!"

"खोलीन!" मामा ओरडला. "देव पोटात बसते!" पण चावी तोवर खिशात गेली होती.

मंडईच्या सकाळी मामा गाडी घेऊन केवळरामकडे गेला. भाता पेटला होता, दोन चाके भिंतीला टेकून होती. केवळराम छिन्नी घेऊन मोटरीखाली शिरला आणि जुन्या खुणांवर नव्या खोल खुणा मारल्या, शेंदराचा किती थर बसला तरी बोटाला लागतील अशा. टक्. टक्. मग खालूनच म्हणाला, "चैतराम, इकडे पाय जरा."

मामा पांढरा सदरा घालून आला होता, मंडईचा. तसाच धुळीत आडवा झाला, डोके मोटरीखाली घातले.

"दिसली का?"

"दिसली बे, दिसली! आंधळा समजला का मले? सरक तिकडं, मले नीट पाहू दे!"